रंगीत कडा काढताना कासची फुलंही राखाडी पडतात, उपाय काय?

यवतेश्वर
कासच्या फोटोंवर काम करणाऱ्यांना विचारायचं आहे. २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सर कॅमेरा, लेन्स दोन: १८-५५ किट आणि ५० मिमी एफ/१.८. सगळे फोटो रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइल). सप्टेंबरातलं पांढरं आभाळ, त्यावर कारवीच्या आणि झाडांच्या काळ्या फांद्या, खाली फुलांचा गालिचा, अशी रचना.

किट लेन्सच्या फोटोत कोपऱ्यांतल्या फांद्यांना एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने निळसर-हिरवी रेघ येते. मध्यभागी काही नाही. ५० मिमीच्या फोटोत मात्र अगदी मधल्या फांदीलाही जांभळी कड आहे आणि फोकसच्या मागच्या गवताला हिरवी.

लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये डीफ्रिंजची (रंगीत कडा पुसणाऱ्या सोयीची) जांभळी पट्टी २० पर्यंत नेली की फांद्या स्वच्छ होतात. पण त्याच फोटोत सीतेची आसवं आणि तेरडा आहे. त्यांच्या पाकळ्यांच्या कडा राखाडी होतात, फूल शिळं दिसायला लागतं. १६ बाय २४ इंची प्रिंट काढायचे आहेत, त्यामुळे हे लपणार नाही. फांदीची कड जावी आणि फुलाचा रंग राहावा, असं कसं जमवायचं?

चारभिंती
डीफ्रिंज २० म्हणजे पट्टीचं शेवटचं टोक आहे हो. ३ ते ५ वर बहुतेक कामं होतात. आधी तिथून सुरुवात करा.

कृष्णाकाठ
आकडा कमी करणं बरोबर, पण यवतेश्वर यांच्या दोन लेन्समध्ये दोन वेगळे दोष आहेत. एकच पट्टी दोन्हींवर चालवली की हे होणारच. आधी ते वेगळे करू.

पहिला, किट लेन्सचा. काचेतून लाल, हिरवा आणि निळा प्रकाश सारखा वळत नाही, त्यामुळे सेन्सरवर तिन्ही रंगांची प्रतिमा किंचित वेगवेगळ्या आकाराची पडते. मध्यभागी फरक शून्य, कडेला जावं तसा वाढत जातो. रंगांची जोडी असते: एका बाजूला लाल तर दुसऱ्या बाजूला निळसर-हिरवा, किंवा निळा आणि पिवळा. ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/४ ठेवा नाहीतर एफ/११, हा दोष तसाच राहतो. यालाच लॅटरल क्रोमॅटिक ॲबरेशन, थोडक्यात लॅटरल सीए म्हणतात.

दुसरा, ५० मिमीचा. इथे वेगवेगळे रंग वेगवेगळ्या अंतरावर फोकस होतात. फोकसच्या पुढच्या वस्तूला जांभळी-गुलाबी कड, मागच्या वस्तूला हिरवी. फोटोत कुठेही दिसेल, अगदी मध्यभागीसुद्धा. एफ/१.८ वर जोरात, एफ/४ पर्यंत बराच कमी. हा लाँगिट्युडिनल सीए, बोलण्यात लोका.

पहिल्यावर डीफ्रिंज वापरायचंच नाही. तो आकाराचा दोष आहे, तर दुरुस्तीही आकाराचीच हवी. लाइटरूममध्ये लेन्स करेक्शन्सच्या प्रोफाइल टॅबमध्ये ‘रिमूव्ह क्रोमॅटिक ॲबरेशन’ची खूण करा. सॉफ्टवेअर लाल आणि निळा थर हिरव्या थराच्या मापात बसवतं. रंग पुसला जात नाही, जागेवर आणला जातो. म्हणून फुलांना धक्का लागत नाही, उलट कोपऱ्यातल्या पाकळ्या जास्त धारदार होतात. या खुणेला लेन्सचं प्रोफाइलही लागत नाही, फोटोतल्या कडा बघूनच हिशेब होतो.

डीफ्रिंज फक्त ५० मिमीच्या फोटोंसाठी ठेवा. ते नेमकं कसं वापरायचं ते खाली लिहितो.

माहुली
लॅटरल किती आहे याचा अंदाज घ्यायचा असेल तर: २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० बाय ४०००. मध्यापासून कोपऱ्यापर्यंत साधारण ३६०० पिक्सेल. लाल प्रतिमा हिरव्यापेक्षा फक्त ०.०५ टक्का मोठी असली तरी कोपऱ्यात १.८ पिक्सेलची रेघ येते. एवढ्या छोट्या फरकानेच कडा रंगतात.

कोणता थर मोठा हे डोळ्यांनीही कळतं. पांढऱ्या आभाळावरची काळी फांदी घ्या. फोटोच्या मध्याकडची बाजू लाल आणि बाहेरची निळसर-हिरवी असेल तर लाल थर मोठा आहे, तो लहान करायचा. उलट असेल तर उलट. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी वस्तू असेल तर हा नियमही उलटा वाचायचा.

कंदीपेढे
पावसाळ्यात साताऱ्यात निळं आभाळ येईपर्यंत थांबा असा सल्ला अजून कुणी कसा दिला नाही? थांबलात तर दिवाळी उजाडेल, पण कड येणार नाही :)

कृष्णाकाठ
कंदीपेढे, निळं आभाळ आलं की कड कमी होते हे खरंच आहे. कारण फांदी आणि आभाळ यांच्यातला उजेडाचा फरक कमी होतो.

आता डीफ्रिंज. मॅन्युअल टॅबमध्ये जांभळ्यासाठी अमाउंट ० ते २० आणि खाली ह्यूची (रंगछटेची) दोन टोकांची पट्टी, सुरुवातीला ३० ते ७० वर. हिरव्यासाठी तसंच, ह्यू ४० ते ६०. खरं काम या ह्यूच्या पट्टीत आहे आणि तिलाच बहुतेक जण हात लावत नाहीत.

फोटो २०० टक्क्यांवर न्या. डीफ्रिंजचा ड्रॉपर घेऊन फांदीच्या जांभळ्या कडेवर टेकवा, फुलावर नाही. ह्यूचा पट्टा त्या रंगाभोवती आपोआप बसतो. मग ऑल्ट दाबून ह्यूची टोकं सरकवा. दुरुस्ती ज्या रंगांवर होणार ते काळे दिसतात. फांदीची कड काळी राहील आणि फुलं शक्यतो सुटतील इतका पट्टा अरुंद करत न्या. शेवटी अमाउंट शून्यापासून वर चढवा आणि कड विझली की तिथेच थांबा.

सीतेच्या आसवांचा निळसर जांभळा आणि लेन्सच्या कडेचा जांभळा एकमेकांच्या फार जवळ आहेत. पट्टा कितीही अरुंद केला तरी थोडं फूल सापडणारच. तेरड्याचा गुलाबी त्या मानाने दूर असल्यामुळे तो सहसा वाचतो.

चारभिंती
मग सीतेच्या आसवांचं काय करायचं?

कृष्णाकाठ
मास्क, म्हणजे फोटोचा ठराविक भाग वेगळा निवडणं. दोन रस्ते आहेत.

एक: डीफ्रिंज पूर्ण फोटोला लावा, मग ब्रशने फुलांवर मास्क काढा आणि त्या मास्कमधली डीफ्रिंजची पट्टी उणे १०० वर न्या. उणे म्हणजे संरक्षण, तिथे वरची दुरुस्ती लागू होत नाही.

दोन: पूर्ण फोटोचं डीफ्रिंज शून्यावर ठेवा आणि फक्त फांद्यांवर ब्रश फिरवून डीफ्रिंज अधिक करा. ब्रशमधलं डीफ्रिंज जांभळा-हिरवा असा भेद करत नाही, कुठल्याही रंगाची कड पुसतं. म्हणून ते फुलाच्या जवळ नेऊ नका.

कासच्या रचनेत आभाळ वर आणि फुलं खाली असतात, त्यामुळे पहिल्या रस्त्यात ब्रशऐवजी ग्रेडियंट मास्कही (सरळ रेषेने फोटो विभागणारा) चालतो. क्षितिजाच्या खाली सगळीकडे उणे १००. दोन मिनिटांचं काम.

यवतेश्वर
ग्रेडियंटचं लक्षातच आलं नव्हतं, आज बघतो. पण काही फोटोंत फूल अगदी लेन्सजवळ आहे आणि ते आभाळावरच आलंय. जमिनीवर आडवं होऊन काढलेले. तिथे ग्रेडियंट चालणार नाही.

पाणकावळा
तसल्या फोटोत ब्रशला पर्याय नाही. हीच अडचण मायणीच्या तलावावर बगळ्यांना येते. पांढरं पीस, मागे काळं पाणी, पिसाच्या कडेला जांभळं. चोच आणि डोळ्याभोवती पिवळसर कातडी असते, तिथे ब्रश लागला की ती फिकी पडते. ब्रशचा फेदर (कडेचा मऊपणा) कमी ठेवा आणि ऑटो मास्क (वस्तूची कड ओळखून ब्रश आवरणारी सोय) सुरू ठेवा. ऑटो मास्कने कडेला कधी दाणेदारपणा येतो, म्हणून १०० टक्क्यांवर तपासत चला.

पक्ष्यांवाल्यांसाठी अजून एक. १.४ पट टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारं, प्रतिमा मोठी करणारं भिंग) लावला की लेन्सचा दोषही १.४ पट रुंद होतो आणि वर कन्व्हर्टरचा स्वतःचा थोडा मिळतो. कडा फार असतील तर कन्व्हर्टर काढून क्रॉप करून बघा. पुष्कळदा तोच फोटो स्वच्छ निघतो.

तंतूमिरज
मिरजेत सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत फोटो काढणाऱ्यांनाही हा धागा उपयोगी आहे. ५० मिमी एफ/१.८ ने सतारीच्या दांडीचा फोटो घेतला की तारा पुढून मागे जातात आणि लोकाचा नकाशाच उमटतो: घोडीजवळची तार गुलाबी-जांभळी, मधली स्वच्छ, खुंट्यांकडची हिरवी. पोलादी तारेवरची चमक इतकी तीव्र असते की कड लगेच उठते.

इथे जांभळं काढणं सोपं, कारण लाकडात आणि भोपळ्यात जांभळा रंग नसतोच. हिरव्याला जपून. तारांत काही पितळेच्या-काशाच्या असतात आणि पडदेही पितळी. हिरव्या ह्यूचा पट्टा पिवळ्याच्या बाजूला सरकला की पितळ मळकट दिसतं. म्हणून पिवळ्याकडचं टोक आत घ्या.

त्याहून चांगलं म्हणजे फोटो काढतानाच एफ/४. दुकानात उजेड कमी असतो हे खरं, पण वाद्य हलत नाही. तिपाईवर ठेवा आणि शटर १/१५ ला न्या.

चारभिंती
एक मूळ शंका. जांभळी कड लेन्समुळे येते की सेन्सरमुळे? मी वाचलंय की उजेड जास्त झाला की सेन्सरच्या एका पिक्सेलमधून शेजारच्यात सांडतो, त्यामुळे होतं. तसं असेल तर लेन्सला कशाला दोष द्यायचा?

माहुली
सांडण्याने रंग जांभळाच का येईल, याचं उत्तर त्या म्हणण्यात नाही. तपासायला सोपं आहे. कॅमेरा तोच, फांदी तीच, आभाळ तेच, एक्स्पोजर तेच. लेन्स बदला: कड बदलते. तीच लेन्स एफ/१.८ वरून एफ/५.६ वर न्या आणि शटर तेवढंच हळू करून एक्स्पोजर सारखं ठेवा: कड कमी होते. सेन्सरवर पडलेला उजेड दोन्ही वेळा सारखाच आहे, तरी कड कमी झाली. म्हणजे मोठा वाटा लेन्सचा.

जांभळाच का, तर लेन्सची दुरुस्ती दृश्य प्रकाशाच्या मधल्या पट्ट्यात चांगली जमलेली असते आणि ४०० ते ४३० नॅनोमीटरच्या जांभळ्या टोकाला ढिली पडते. तो उजेड नीट फोकस न होता कडेभोवती पसरतो.

कृष्णाकाठ
माहुली यांच्याशी सहमत, पण एक्स्पोजरचा वाटा सोडू नका. जांभळा पसारा मुळात फिका असतो. आभाळ जळेपर्यंत एक्स्पोजर वाढवलं की तो फिका पसाराही ठळक होऊन दिसायला लागतो, कड रुंद वाटते. ०.७ ते १ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) कमी ठेवून फोटो काढा, रॉमध्ये सावल्या वर आणा. पांढऱ्या आभाळासमोर हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

दुसरा स्वस्त उपाय म्हणजे जागा बदलणं. कासवर दोन पावलं बाजूला सरकून किंवा कॅमेरा थोडा वर धरून फांदीच्या मागे आभाळाऐवजी समोरचा डोंगर आणता येतो. हिरव्या-राखाडी डोंगरावर काळी फांदी असेल तर कड जवळपास दिसतच नाही. फक्त फुलांत पाय टाकू नका, आसवं बोटभर उंचीची असतात आणि बुटाखाली गेली की गेली.

कंदीपेढे
हे शेवटचं वाक्य ठळक अक्षरात लिहायला हवं होतं.

विषुवांश
लेन्सच्या इतिहासाबद्दल थोडं, कारण विषय तिथूनच येतो. एकाच भिंगाच्या दुर्बिणीत या कडा इतक्या असायच्या की न्यूटननं तो दोष काचेत सुटणारच नाही असं मानून आरशाची दुर्बीण केली. पुढे क्राउन आणि फ्लिंट अशा दोन जातींच्या काचा जोडून दोन रंग एका जागी आणता आले. त्या जोडभिंगाचं पेटंट जॉन डोलंडला १७५८ मध्ये मिळालं. तीन रंग एका जागी आणणारी भिंगं ती ॲपोक्रोमॅटिक. आजच्या लेन्सवर ‘ईडी’ लिहिलेलं असतं ते याच कामासाठी वापरलेल्या कमी विखुरणाच्या काचेबद्दल.

आता चंद्रवाल्यांसाठी. अजिंक्यताऱ्यावर उगवता चंद्र घेतला की त्याची वरची कड निळसर-हिरवी आणि खालची लाल दिसते. ही लेन्सची चूक नाही, हवेची आहे. क्षितिजाजवळ प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो आणि निळा भाग लालपेक्षा जास्त वळतो, म्हणून निळी प्रतिमा थोडी वर दिसते.

ओळखायची खूण: लेन्सचा लॅटरल दोष मध्यापासून बाहेरच्या दिशेने असतो, हवेचा दोष फोटोभर एकाच, उभ्या दिशेने. चंद्र फोटोच्या मधोमध असला तरी येतो. ‘रिमूव्ह क्रोमॅटिक ॲबरेशन’ इथे काही करणार नाही, कारण ते थर लहानमोठे करतं आणि इथे थर सरकवायचा असतो. फोटोशॉपमध्ये चॅनेल्समध्ये जाऊन फक्त निळा चॅनेल निवडा, मूव्ह टूल घ्या आणि बाणाच्या कळीने एकेक पिक्सेल खाली आणा. लाल चॅनेल वर. हिरवा जागेवर. ४०० मिमी लेन्स आणि २४ मेगापिक्सेल क्रॉप सेन्सरवर एक पिक्सेल म्हणजे साधारण २ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), त्यामुळे क्षितिजाजवळ काही पिक्सेल सरकवावं लागतं. चंद्र वर चढला की गरज उरत नाही.

पाणकावळा
हे माहीत नव्हतं. कृष्णेवर आयर्विन पुलामागून उगवणाऱ्या चंद्राचे फोटो पुन्हा उघडतो.

सगुणा
लाइटरूमचं भाडं न भरणाऱ्यांनी काय करायचं? डार्कटेबल या फुकट सॉफ्टवेअरमध्ये क्रोमॅटिक ॲबरेशन नावाची दोन-तीन मॉड्यूल्स दिसतात, कुठलं घ्यायचं कळत नाही.

माहुली
सगुणाताई, क्रमाने सांगतो.

‘रॉ क्रोमॅटिक ॲबरेशन्स’ हे लॅटरलसाठी. रॉ फाइलचे रंग पूर्ण होण्याआधीच ते काम करतं, म्हणून निकाल चांगला. आवर्तनं दोनवर ठेवा, फार असेल तर वाढवा. ‘अव्हॉइड कलरशिफ्ट’ची खूण करा, नाहीतर काही फोटोंत रंग सरकतात. हे मॉड्यूल बायर पद्धतीच्या (बहुतेक कॅमेऱ्यांत असतो त्या) सेन्सरलाच चालतं, एक्स-ट्रान्सवाल्या फुजीला नाही.

‘लेन्स करेक्शन’ मॉड्यूलमध्येही लेन्सफन या लेन्सच्या माहितीसाठ्यावरून टीसीए (म्हणजे लॅटरलच) दुरुस्ती होते. ही आणि वरची, दोन्ही एकदम लावू नका. एकदा जुळलेले थर दुसऱ्यांदा ताणले जातात आणि उलट्या रंगाची कड येते. लालच्या जागी निळसर-हिरवी रेघ दिसली की समजा दुहेरी दुरुस्ती झाली. रॉथेरपी या दुसऱ्या फुकट सॉफ्टवेअरमध्येही हाच धोका आहे: रॉ टॅबमधलं ऑटो-करेक्शन आणि लेन्स प्रोफाइलमधली सीएची खूण, यांतली एकच ठेवा.

जांभळ्या पसाऱ्यासाठी नुसतं ‘क्रोमॅटिक ॲबरेशन्स’ नावाचं मॉड्यूल. गाइड चॅनेल हिरवा राहू द्या. त्रिज्या कडेच्या रुंदीला झाकेल इतकीच. करेक्शन मोडमध्ये ‘ब्राइटन ओन्ली’ आणि ‘डार्कन ओन्ली’ आहेत, एकेक लावून बघा. बऱ्याचदा पूर्ण दुरुस्तीपेक्षा यांतलं एक जास्त स्वच्छ दिसतं. आणि डार्कटेबलच्या बऱ्याच मॉड्यूलसारखा यालाही मास्क लावता येतो, तर फुलं मास्कने वगळा. जुनं ‘डीफ्रिंज’ नव्या फोटोंना वापरू नका.

सगुणा
आणि रॉ नसेल, फक्त जेपेग असेल तर?

माहुली
आधी एक बघा: बऱ्याच कॅमेऱ्यांत जेपेग तयार होतानाच लॅटरल काढलेला असतो. कॅननमध्ये मेनूत तशी सोय आहे, निकॉनच्या बऱ्याच मॉडेलमध्ये तो आपोआप जातो. म्हणून आपल्याच कॅमेऱ्याच्या रॉमध्ये कड दिसते आणि जेपेगमध्ये नाही, याचं आश्चर्य नको.

तरी उरला असेल तर गिंप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये हाताने. कलर्समधून कंपोनेंट्स, डीकंपोज, आरजीबी, थर म्हणून. समजा लाल थर कडेला २ पिक्सेल बाहेर आहे. तर लाल थर ६००० वरून ५९९६ रुंदीचा करा, उंची त्याच प्रमाणात ३९९७. तो बरोबर मधोमध आहे याची खात्री करा, मग कंपोज. डावी-उजवीकडे २-२ आणि वर-खाली १-२ पिक्सेलची रिकामी पट्टी राहते, ती कापा.

अट एकच: फोटो आधी क्रॉप केलेला नको. क्रॉप केला की फोटोचा मध्य आणि लेन्सचा मध्य वेगळे होतात आणि थर चुकीच्या बिंदूभोवती ताणले जातात. लाइटरूम-डार्कटेबलमध्ये क्रॉप मूळ फाइलला लागत नाही, तिथे ही चिंता नाही.

शिवाय जेपेगमध्ये रंगाची माहिती सहसा अर्ध्या बारकाईने साठवलेली असते. एक पिक्सेलची कड दोन पिक्सेलच्या चौकोनात पसरते. म्हणून जेपेगची दुरुस्ती रॉइतकी नेटकी कधीच होत नाही.

चारभिंती
सगळ्यात सोपं, फोटो कृष्णधवल करा. रंगच नाही तर कड कुठली?

हरिपूर
कड जाते, धूसरपणा राहतो. तिन्ही थर एकमेकांवरून सरकलेले असताना त्यांची बेरीज केली की कोपऱ्यातली फांदी दोनदा छापल्यासारखी मऊ दिसते. कृष्णधवल करायचंच तर आधी लॅटरल दुरुस्त करा, मग चॅनेल मिक्सरमध्ये हिरवा १००, लाल-निळा शून्य करून बघा. लोकाच्या फोटोत हिरवा चॅनेल बहुतेक वेळा सर्वांत धारदार असतो. आभाळ हवं तसं गडद होत नसेल तर थोडा लाल मिसळा. निळ्यापासून लांब राहा, जांभळा पसारा त्यातच जास्त असतो.

यवतेश्वर यांच्या प्रिंटबद्दल. ६००० पिक्सेल २४ इंचात म्हणजे इंचाला २५०. २ पिक्सेलची कड म्हणजे ०.२ मिलिमीटर. हातभर अंतरावरून बघणाऱ्याला ती पांढऱ्या आभाळावर दिसते. तेव्हा २ पिक्सेलच्या वरची प्रत्येक कड काढा, अर्ध्या पिक्सेलच्या मागे लागू नका.

क्रम महत्त्वाचा: आधी सीए, मग शार्पनिंग. उलट केलं की शार्पनिंग त्या रंगीत रेघेलाच धार लावतं आणि नंतर डीफ्रिंज कितीही चढवा, काळी-पांढरी दुहेरी रेघ राहते.

यवतेश्वर
किट लेन्सचे फोटो झाले. नुसत्या खुणेने कोपरे स्वच्छ आले, डीफ्रिंजला हात लावावा लागला नाही. ५० मिमीच्या फोटोंत ह्यू अरुंद करून, अमाउंट ६ आणि फुलांवर उणे १०० चा मास्क, हे चांगलं जमतंय. तेरडा पूर्ण वाचला.

एकच उरलंय. आभाळावरच्या जाड फांद्यांची जांभळी कड गेली, पण तिच्या जागी बारीक राखाडी रेघ आहे. फांदीला कुणी पेन्सिलने गिरवल्यासारखी. अमाउंट वाढवून ती जात नाही.

कृष्णाकाठ
जाणारही नाही. डीफ्रिंज रंग काढतं, उजेड तसाच ठेवतं. जांभळा पसारा आभाळापेक्षा काळोखा होता, रंग गेल्यावर तो काळोख राखाडी म्हणून उरला. याला फोटोशॉप किंवा गिंप लागेल.

फोटोवर एक रिकामा थर घ्या, ब्लेंड मोड ‘लाइटन’. क्लोन स्टॅम्प या थरावर, सॅम्पल खालच्या थरासकट. ऑल्ट दाबून रेघेच्या अगदी शेजारचं आभाळ उचला आणि ८-१० पिक्सेलच्या मऊ ब्रशने, अपारदर्शकता ४० ते ५० टक्के ठेवून रेघेवरून फिरवा. सगळीकडे एकच आभाळ वापरू नका, ढगाचा पोत बदलतो तसं पुन्हा पुन्हा उचला. लाइटन मोडमुळे फक्त आभाळापेक्षा काळोखा भाग उजळतो.

लाइटनमध्ये फांदीही आभाळापेक्षा काळोखी आहे, तिच्यावर ब्रश गेला तर तीही उजळेल. म्हणून आधी फांदीचं सिलेक्शन घ्या. पांढऱ्या आभाळावर सिलेक्ट कलर रेंजने काळा भाग सहज निवडला जातो. ते उलटं करा, १ पिक्सेल फेदर द्या, मग ब्रश. सगळ्या काटक्यांना हे करत बसू नका. बारीक काटकीत ही रेघ दिसत नाही, ३०-४० पिक्सेलपेक्षा जाड फांद्याच करा.

यवतेश्वर
आणि फूल थेट आभाळावर आलेले ते दोन-तीन फोटो? तिथे पाकळीलाच जांभळी कड आहे आणि पाकळीही जांभळी.

कृष्णाकाठ
तिथे डीफ्रिंज शून्य. नवा रिकामा थर, मोड ‘कलर’. ब्रशने पाकळीच्या आतला, फोकसमधला रंग उचला आणि पाकळीच्या कडेच्या आतल्या बाजूवर लावा. आभाळाचा रंग उचलून बाहेरच्या बाजूवर लावा. कलर मोडमध्ये मूळ उजेड-सावली तशीच राहते, फक्त रंग बदलतो, त्यामुळे पाकळीच्या शिरा बुजत नाहीत. सीमारेषा कुठे आहे हे हिरव्या चॅनेलमध्ये बघा, तिथे ती सर्वांत स्पष्ट दिसते. एका फुलाला दहा-पंधरा मिनिटं जातील, ती द्यावी. आपोआप होणारं काहीही या ठिकाणी फूल आणि दोष वेगळे ओळखू शकत नाही.

तंतूमिरज
हीच युक्ती तारेलाही चालते. पितळी तारेचा पिवळा उचलून हिरव्या कडेवर. चांगली आहे.

पाणकावळा
एका दिवसाचे शेदीडशे फोटो असले तर सेटिंग सगळ्यांना एकदम लावता येतं का?

माहुली
‘रिमूव्ह क्रोमॅटिक ॲबरेशन’ची खूण बिनधास्त सगळ्यांना लावा, ते प्रत्येक फोटोचा हिशेब वेगळा करतं. डीफ्रिंजचे आकडे मात्र एकाच लेन्सच्या, एकाच ॲपर्चरच्या आणि एकाच उजेडातल्या फोटोंपुरतेच कॉपी करा. एफ/१.८ चा आकडा एफ/५.६ च्या फोटोला लावला की तिथे काढण्यासारखं काही नसतं आणि फुलांवरच उतरतं. गिंपमधलं हाताने काढलेलं मापही झूमच्या त्या एकाच मिलिमीटरला लागू. १८ चं माप ५५ ला चालत नाही, काही लेन्समध्ये तर दोष उलटाच होतो.

हरिपूर
यवतेश्वर, सगळं झालं की थेट मोठा प्रिंट टाकू नका. तयार फाइलमधून १५०० बाय १००० पिक्सेलचे तीन तुकडे कापा: एक कोपऱ्यातल्या फांदीचा, एक मधल्या जाड फांदीचा, एक फुलाचा. आकार बदलू नका, इंचाला २५० वर ठेवा, म्हणजे प्रत्येक तुकडा ६ बाय ४ इंचाचा होतो. एसआरजीबी या रंगपद्धतीत जेपेग करा आणि लॅबला सांगा की ऑटो करेक्शन बंद ठेवून, न ताणता छापा. मोठ्या प्रिंटसाठी वापरणार तोच कागद. फुलाचा तुकडा खिडकीच्या उजेडात बघा. सीतेच्या आसवांचा जांभळा कागदावर निळ्याकडे झुकत असेल तर ती कागदाच्या रंगमर्यादेची गोष्ट आहे, डीफ्रिंजची नाही. तेव्हा मास्क न छेडता फक्त जांभळ्याचं सॅच्युरेशन ५-१० ने कमी करून तो एकच तुकडा परत छापून घ्या.